सापडलेल्या मोहरेने बोलावे कोणाशी?

गेल्या चार दशकांत मुंबईच्या उत्तर सीमेवरील ज्या भूमीचे रूप मुळापासून पालटले, तीत मीरा रोडचा क्रमांक बराच वर लागेल. मिरे, काशी, पेणकरपाडा, नवघर, घोडबंदर ही भातशेतीची व मिठागरांची गावे. १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर गेली. एवढ्या माणसांना घरे द्यायची म्हणजे पाये खणणे आले, आणि पाये खणणे म्हणजे माती उचलून दुसरीकडे टाकणे आले. एका भूखंडावरची माती डंपरमधून निघते आणि दुसऱ्या भूखंडावर भराव म्हणून पडते. तीत काय होते हे पाहण्यासाठी कोणी थांबत नाही.

वास्तविक थांबण्याजोगे पुष्कळ असावे. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांचा. तो १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. खाडीपलीकडे वसई आहे. चिमाजी अप्पांची मोहीम दोन वर्षे या साऱ्या टापूत चालली होती. त्याही पलीकडे सोपारा आहे. प्राचीन काळी देशोदेशींची गलबते लागत असलेले ते बंदर. अशा प्रदेशात जमीन खणली असता शिसाची गोळी, पोर्तुगीज तांब्याचे नाणे, शिवराई किंवा त्याहून पुष्कळ जुने काही हाती लागणे अशक्य कोटीतले नाही. आता तर त्यासाठी खणण्याचीही वाट पाहावी लागत नाही. काही हजार रुपये मोजले की धातू हुडकणारे यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, घरपोच मिळतो. पाश्चात्त्य देशांत सुटीच्या दिवशी हे यंत्र घेऊन शेतांतून व समुद्रकाठाने हिंडणे आणि सापडलेल्या बटणा-नाण्यांची ओळख पटवीत बसणे हा लाखो लोकांचा छंद आहे. तो आपल्याकडेही येऊ घातला आहे. मात्र तो ज्या समाजात व ज्या कायद्यात येत आहे त्यांचा विचार अद्याप फारसा झालेला दिसत नाही.

या विचाराची निकड २०२५ च्या मार्च महिन्यात बुऱ्हाणपूरने दाखवून दिली. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या या जिल्ह्यात असीरगडाच्या परिसरातील शेतांतून रात्रीच्या वेळी शेकडो माणसे मोबाइलच्या उजेडात माती उपसू लागली. कोणी चाळण्या आणल्या होत्या, कोणी धातुशोधक यंत्रे आणली होती. महिनाभरापूर्वी ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला होता व त्यात बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या संपत्तीचे ठाणे म्हणून दाखविण्यात आले होते. तेथे सोन्याची नाणी सापडतात या वदंतेला तेवढे निमित्त पुरले. पोलिसांना बंदोबस्त ठेवावा लागला. या प्रकाराला अनेकांनी हसून सोडून दिले. परंतु दिवसा मोलमजुरी करणारा माणूस रात्री झोप मोडून परक्याचे शेत उकरतो, तेव्हा त्याच्या मूर्खपणाइतकाच त्याच्या हिशेबाचाही विचार करावयास हवा. त्याच्या दृष्टीने गुंतवणूक एका रात्रीच्या झोपेची आहे आणि प्राप्ती, झालीच तर, वर्षांच्या मजुरीची आहे. लॉटरीचे तिकीट काढणारा शहरी कारकून याहून निराळा हिशेब करतो असे नाही.

अर्थात हा हिशेब आपल्याकडे आजचा नव्हे. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, धनावर नाग बसलेला असतो, मोहरांचा हंडा जमिनीखालून सरकत जातो, या समजुती कित्येक घरांतून आजोबा-आजींच्या तोंडून ऐकलेल्या असतात. ऐकायला गमतीच्या, पण त्यांची दुसरी बाजू भीषण आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या लोभापायी स्त्रिया व कोवळ्या मुली यांचे जे बळी घेतले गेले, त्यांची आठवण महाराष्ट्राने विसरू नये. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केली जाणारी अघोरी कृत्ये समाविष्ट करावी लागली ती उगाच नव्हे. आणि हा मोह केवळ निरक्षरांचा आहे असेही म्हणता येत नाही. त्याच २०१३ साली उत्तर प्रदेशातील डौंडिया खेडा येथे एका साधूला स्वप्नात हजार टन सोने दिसले म्हणून केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने रीतसर उत्खनन आरंभले होते. सोने निघाले नाही.

या पार्श्वभूमीवर यंत्र हे एका परीने स्वागतार्हच म्हटले पाहिजे. ते निदान नरबळी मागत नाही. त्याचे तत्त्व साधे आहे. तारेच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती वीजप्रवाह सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात सूक्ष्म प्रवाह उठतात आणि त्यांचे उलट क्षेत्र यंत्राला कळते. दुसऱ्या महायुद्धात पेरलेले सुरुंग शोधण्यासाठी एका पोलिश अधिकाऱ्याने हातात धरून चालण्याजोगे असे यंत्र तयार केले आणि १९४२ च्या अल अलामीनच्या लढाईत ते उपयोगी पडले. छंदाचे साधन ते पुढे झाले. परंतु त्याची शक्ती लोकांना वाटते त्याच्या अंशानेही नाही. नाण्याएवढी वस्तू सर्वसाधारण यंत्राला वीत-दीडवीत खोलीपर्यंतच कळते. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या मातीत लोहयुक्त कण इतके असतात की यंत्र उगाचच ओरडत राहते, आणि खाऱ्या ओल्या वाळूत त्याची तीच गत होते. म्हणजे मिठागरांच्या मीरा रोडला तर ते अधिकच गोंधळणार. वीस फूट खोल जाणारे जेसीबीचे दात आणि दीड वीत खाली पाहणारे हे यंत्र यांत पुराव्याचा मोठा संहारक कोण, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी नको.

‘पुरावा’ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. जमिनीतून निघालेल्या वस्तूला दोन किमती असतात. एक तिच्यातील धातूची. ती सोनाराच्या काट्यावर कळते. दुसरी तिने सांगितलेल्या माहितीची. ती वस्तू कोठे, किती खोल, कशाच्या शेजारी सापडली यावर अवलंबून असते. पहिली किंमत सापडणाऱ्याच्या खिशात जाते. दुसरीचा लाभ सर्व समाजाला होतो, आणि म्हणूनच ती जपण्यात कोणा एकाचा स्वार्थ नसतो.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर, म्हणजे सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर, गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात गौतमीपुत्राच्या पराक्रमाची वर्णने आहेत; परंतु राजाच्या आईने कोरविलेल्या स्तुतीवर इतिहासकाराने किती विसंबावे? या नाण्यांनी त्या स्तुतीला साक्ष दिली. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे चलन वितळविले नाही, त्यावर नुसती आपली मुद्रा उठवली, ही गोष्ट तत्कालीन अर्थव्यवस्थेविषयीही पुष्कळ सांगून जाते: चांदी व वजन यांवर बाजाराचा विश्वास होता, तो मोडण्याचे कारण नव्या सत्तेला दिसले नाही. आता कल्पना करावी की हीच नाणी पाच-पन्नासांच्या मुठींनी दहा सोनारांकडे गेली असती. वितळलेल्या चांदीच्या वजनात गुंजेचाही फरक पडला नसता. दोनतृतीयांश हे प्रमाण मात्र कायमचे नाहीसे झाले असते.

साठा सापडूनही त्याचे अर्धे बोलणे कसे हरवते, याचे उदाहरण दायमाबादचे आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचे मूळ खणताना चार धातुशिल्पे मिळाली. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष. चारींचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक. भारतीय पुरातत्त्वातील अद्भुत म्हणाव्यात अशा या वस्तू आहेत, आणि त्या भंगारात गेल्या नाहीत हे देशाचे भाग्य. पुढे दायमाबादला मोठे उत्खनन झाले. तथापि ही शिल्पे प्रत्यक्ष कोणत्या थरातली हे तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत न निघाल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद पडला. काहींनी ती हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील मानली, काहींनी धातूच्या पृथक्करणावरून शंका घेतली. येथे दोष भिल्ल यांचा मुळीच नाही. ते सरपण काढत होते. या उदाहरणावरून इतकेच कळते की वस्तू वाचली तरी तिचा पत्ता हरवू शकतो.

याच्या उलट चित्र मीरा रोडहून फारसे दूर नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले, तेव्हा अवशेषांच्या करंडकांबरोबर यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक लहानसे नाणे मिळाले. ते नाणे नेमके कोठे होते हे नोंदले गेले, म्हणून तो ठेवा त्या राजाच्या काळाच्या आधीचा असू शकत नाही हे ठरविता आले. चांदीच्या भावाने त्या नाण्याची किंमत काय आली असती?

आता कायद्याकडे वळावे. जमिनीत सापडणाऱ्या धनासंबंधीचा केंद्रीय कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे जे काही जमिनीत पुरलेले सापडेल, त्याची लेखी सूचना सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास द्यावी आणि वस्तू सरकारी कोषागारात ठेवावी किंवा तारण द्यावे, असे त्यात आहे. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतो. हक्क सांगू इच्छिणाऱ्यांनी हजर राहण्याचा दिवस त्या सूचनेनंतर चार महिन्यांच्या आत नेमता येत नाही. तो सहा महिन्यांच्या पुढेही जाता कामा नये. कोणी मालक न निघाल्यास आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसल्यास सापडणाऱ्यास तीनचतुर्थांश व जागेच्या मालकास एकचतुर्थांश. सरकारला वस्तू हवी असेल तर ती धातूच्या किमतीवर एकपंचमांश अधिक देऊन घेता येते. सूचना न देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि त्याचा वाटाही सरकारजमा.

कागदावर हा कायदा अन्यायी नाही, किंबहुना सापडणाऱ्यास तीनचतुर्थांश देणारा कायदा त्या काळी उदारच म्हणावा लागेल. परंतु दहा रुपयांची मर्यादा पाहावी. १८७८ मध्ये ही रक्कम म्हणजे शेतमजुराच्या महिन्याभराची तरी कमाई होती. आज त्या पैशांत बहुतेक ठिकाणी वडापावही येत नाही. म्हणजे शेतात सापडलेल्या गंजक्या शिवरायांच्या पुरचुंडीसाठीही, कायद्याचा शब्द धरला तर, जिल्हाधिकारी कचेरीची पायरी चढावी लागेल. लेखी सूचना द्यायची कोणी? पायाच्या खड्ड्यात उतरलेल्या, परप्रांतातून आलेल्या मजुराने? त्याला कचेरी म्हणजे एक दिवसाची बुडालेली मजुरी, आणि पोलीस म्हणजे ‘बाकीचे कोठे लपवलेस?’ हा प्रश्न. मोबदला धातूच्या किमतीवर वीस टक्के. तोही सहा महिन्यांनी, साऱ्या शंका फिटल्यावर. सोनार मात्र तास-दीडतासात रोख देतो. भाव पाडून देतो ही गोष्ट खरी, पण काही विचारत नाही. कायदा प्रामाणिकपणावर कर लावतो आणि मौनाला सूट देतो, असे याचे वर्णन केल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

पिंपरी-चिंचवडमध्ये २०२१ साली नेमके हेच दिसून आले. चिखलीच्या बांधकामावरील मजुरांना खोदकामात सोन्याची नाणी मिळाली. त्यांनी ती घरी नेली. सुगावा लागल्यावर पोलिसांनी २१६ नाणी हस्तगत केली. वजन सुमारे २ किलो ३५० ग्रॅम. बातम्यांचा रोख चोरी उघडकीस आली असा होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता. पण त्या मजुरांना आपल्याला रीतसर सूचना दिल्यास काही वाटा मिळू शकतो हे ठाऊक होते काय? ते ठाऊक करून देणे हे कोणाचे काम होते? नाणी वाचली, ही समाधानाची गोष्ट. परंतु ज्यांचा सुगावा लागत नाही अशा सापडींची मोजदाद कोण करणार?

इंग्लंडचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. १९९२ मध्ये सफोक परगण्यातील हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधण्यासाठी त्याचा निवृत्त मित्र एरिक लॉज यंत्र घेऊन गेला आणि त्याला रोमन काळाचा प्रचंड साठा लागला. त्याने सगळा उपसून काढला नाही. थोडे हाती येताच तो थांबला, कळविले, आणि दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी येऊन सुमारे पंधरा हजार नाणी व सोन्याचांदीच्या वस्तू जागच्या जागी नोंदवून बाहेर काढल्या. साडेसतरा लाख पौंडांचा मोबदला मिळाला. तो त्याने शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतला. हातोडाही सापडला आणि आज तोसुद्धा ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. लॉज थांबला याचे श्रेय त्याच्या सद्गुणाला द्यावेच, पण थांबणे त्याला परवडत होते हेही विसरू नये. मोबदला बाजारभावाने ठरतो, धातूच्या वजनाने नव्हे, हे तेथे सर्वश्रुत होते. पुढे १९९६ मध्ये नवा कायदा झाला आणि १९९७ पासून एक योजना सुरू झाली. परगण्यापरगण्यात एक अधिकारी नेमून हौशी लोकांनी आणून दाखविलेल्या किरकोळ वस्तूही पाहावयाच्या, ओळखावयाच्या, त्यांची जागा नोंदवावयाची आणि वस्तू परत द्यावयाची. अशा नोंदी आज पंधरा लाखांहून अधिक आहेत. त्यांत बहुतेक माल बकला-बटणांचाच आहे. पण त्याच बकलांवरून ओसाड पडलेल्या वस्त्यांचे नकाशे निघाले.

हे सर्व जसेच्या तसे येथे आणता येईल असे समजणे भाबडेपणाचे होईल. तेथेही रात्री संरक्षित स्थळे उकरणारे आहेत. आपल्याकडे तर यंत्रधारी हौशांना गडकिल्ल्यांवर मोकळे सोडणे म्हणजे उंदराला धान्याच्या कोठाराची किल्ली देण्यासारखे आहे. १९५८ च्या कायद्यान्वये संरक्षित स्थळी परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही, आणि वसईच्या किल्ल्यासारख्या जागी ती बंदी ढिली करण्याचे काहीच कारण नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीस बंदी आहे व व्यापारास परवाना लागतो, तेही योग्यच. प्रश्न बंदीच्या क्षेत्राबाहेरचा आहे. शेत, भराव, नदीचे पात्र, पायाचा खड्डा. येथे सापडायचे ते सापडतच राहणार. सोनाराच्या दुकानातील केर धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी या मुलखात पिढ्यान्पिढ्या होते. धातू हुडकणाऱ्या डोळ्यांची आपल्याला कधीच वाण पडलेली नाही. उणीव आहे ती त्या डोळ्यांनी पाहिलेले टिपून घेणाऱ्या वहीची.

ती वही ठेवणे फार खर्चाचे नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात इतिहासाचा एखादा विभाग असतो. आठवड्यातून एक दुपार ‘आणा, दाखवा, नोंदवा, परत न्या’ एवढ्यापुरती ठेवली आणि किरकोळ तांब्या-शिशाच्या वस्तूंना दहा रुपयांच्या कलमातून सूट देऊन नोंदणी हीच सूचना मानली, तर पुष्कळ माहिती आपण होऊन चालत येईल. ओळख पटविण्याची विद्या अशी गहन नाही की ती शिक्षकाला वा विद्यार्थ्याला येऊ नये. ‘श्री राजा शिव’ एका बाजूस आणि ‘छत्रपति’ दुसऱ्या बाजूस असलेली शिवराई, कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा, ढबू पैसा, हे वेगळे करायला तराजू, मोजपट्टी, भिंग आणि थोडा धीर पुरतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची स्वतंत्र संस्था आहे. कठीण ते तिकडे धाडता येईल. मात्र घरी नेऊन चिंच-राखेने चकचकीत करण्याची जी आपल्याकडे रीत आहे ती आधी सोडली पाहिजे. घासल्याने अक्षरे जातात, आणि गंजाच्या थरातून कळण्यासारखे जे असते तेही जाते.

अशी विश्वासाची जागा नसल्यामुळे ती पोकळी दुसरेच कोणी भरून काढत आहेत. ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती मोबाइलवर सर्रास येतात. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून ‘शुल्क’ उकळण्यापर्यंत मजल गेल्याने २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेला, आपला अशा व्यवहारांशी काहीही संबंध नाही, असे जाहीर करावे लागले. आजोबांच्या पेटीतील ढबू पैशाची खरी किंमत सांगणारा कोणी जवळपास असता, तर कारकुनाचे दोन-चार हजार वाचले असते.

आणि मोठ्या खड्ड्यांचे काय? यंत्र घेऊन हिंडणाऱ्या हौशाला शिस्त लावणे सोपे आहे. बांधकामाला लावणे कठीण, कारण तेथे प्रत्येक दिवसाच्या खोळंब्यावर व्याज चढते. इंग्लंडने १९९० मध्ये नियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत खोदकामापूर्वी पाहणीचा भार विकासकावर टाकला, आणि इमारती उठणे काही थांबले नाही. मीरा-भाईंदरसारख्या शहरात सरसकट अशी अट घालण्याचे प्रयोजन नाही; मिठागरावरच्या भरावात सातवाहन शोधण्यात अर्थ नाही. पण घोडबंदरचा किल्ला, जुनी गावठाणे, खाडीकाठचे जुने धक्के यांच्या आसपासची जमीन नकाशावर रंगवून तेवढ्यापुरती, खोदकाम सुरू होताना जाणकाराने दोन दिवस उभे राहण्याची अट परवान्यात घालता येईल. त्याच परवान्याच्या प्रतीबरोबर एक फलक कामावर लावावा: काही सापडल्यास कोणाला सांगायचे आणि सांगणाऱ्याला काय मिळते. तो फलक मराठीत व हिंदीत असावा, मजुराच्या उंचीवर असावा, आणि त्यावर शिक्षेच्या आधी बक्षीस लिहिलेले असावे.